पेटीचं तोंड

१ मे २००४, शनिवार

ही वही खरं तर फवारणीच्या नोंदी ठेवायला आहे. कृषी खात्याची एक मुलगी गावात येऊन प्रत्येक शेतकऱ्याला दोन-दोन देऊन गेली. आता आमच्या बेटाला युरोपात शिरायचं म्हणजे कुठल्या टोमॅटोवर कधी काय मारलं ते लिहावं लागणार. एक वही माझ्या सुनेने, मार्तीझने, घेतली आणि रकाने भरायलाही लागली. दुसरी पडून होती. कागद चांगला जाड आहे, वाया कशाला घालवायचा म्हणून मी घेतली.

काल रात्री बंदरावर दारूकाम झालं. आम्ही टीव्हीवर बघितलं. मार्तीझच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा सावेर टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत होता. युरोपात जायचं की नाही याच्या मतदानात त्याने मत कुणीकडे दिलं ते त्याच्या उशीलाही माहीत नाही. मी 'नको' म्हटलं होतं आणि ते कधी लपवलं नाही. माझा नवरा वेन्झू असता तर त्यानेही नकोच म्हटलं असतं. तो मतदानाच्या आदल्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या वाटचंही मीच दिलं असं मी धरते. मार्तीझने 'हो' म्हटलं. त्यानंतर आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात दोन आठवडे एकमेकींशी न बोलता वावरत होतो. रश्शात मीठ दोघीही घालायचो. सावेर बिचारा खायचा.

सकाळी उठून बघितलं. शेत तिथेच, दगडी बांध तिथेच, टोमॅटोही तेच. औषध: काही मारलं नाही.

१० मे, सोमवार

सावेरबरोबर अडतीच्या बाजारात गेले. आमचा अडत्या चिप्रियान, माझ्याच वयाचा, वेन्झूचा जुना दोस्त. एरवी माझी पेटी बघून उभा राहतो. आज बसूनच होता.

"लिबराता, तुझी पेटी म्हणजे मिरवणुकीतली संताची मूर्ती," तो म्हणाला. "पण आज मिरवणुकीला माणसंच नाहीत."

माणसं सगळी पलीकडे होती, सिसिलीहून बोटीने आलेल्या मालापाशी. गेल्या महिन्यापर्यंत त्या मालावर जकात होती. आता नाही. मी जाऊन बघितलं. टोमॅटो लाल, गोल, चकचकीत, सगळे एका मापाचे. पेटीत हात घातला तर बुडालाही तसेच. मी चिप्रियानला म्हटलं, "या लोकांना पेटी भरता येत नाही. चांगला माल खाली गाडून टाकलाय."

चिप्रियान माझ्याकडे बघतच राहिला. मग खोकला.

पेटीचं तोंड लावणं हे काम इम्जार गावात माझ्याइतकं कुणाला जमत नाही. वर मोठे, देठ एका बाजूला, चुण्या जुळवून. मध्ये मधले. बुडाला बारकी. यात लबाडी नाही. देणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं, तो तोंड बघून बुडाचा अंदाज बांधतो आणि भाव ठरतो. बूड उघडं टाकून बाजारात येणं म्हणजे आतल्या कपड्यांवर चर्चला जाणं. वेन्झूने मला पहिल्यांदा पाहिलं ते इम्नार्याच्या जत्रेत, मी लावलेल्या पेटीमागे. पुढे जन्मभर चिडवायचा, "तोंड बघून पेटी घेतली, बूड अजून सापडलं नाही."

भाव गेल्या वर्षीच्या निम्मा मिळाला.

१७ मे, सोमवार

भाव अजून उतरला. सावेरने दोन पेट्या परत आणल्या आणि मेंढ्यांपुढे रिकाम्या केल्या. तोंडासकट.

जेवताना त्याने सांगून टाकलं. औषधांच्या कारखान्यात त्याला कायमची नोकरी मिळते आहे. आणि शर्यतीचे घोडे पाळणारा दुमिंक आमचं शेत मागतोय, घोड्यांना पळवायला. आयत्या बिळावर नागोबा.

"बाबांनी खडक फोडून, बाहेरून माती आणून केलेलं शेत आहे ते," मी म्हटलं.

"मला माहीत आहे, मा. मातीच्या करंड्या मीही वाहिल्यात."

मार्तीझ इतका वेळ पाव चिवडत होती. ती म्हणाली, "मला ऑगस्टातल्या सांता मारीयाच्या सणापर्यंत वेळ दे. आपला टोमॅटो त्यांच्या टोमॅटोशी भावात भांडू शकत नाही. पण त्यांचा टोमॅटो पावाला चोळून बघितलास कधी? पावच फाटतो. आपला चपटा, सुरकुतलेला आहे, पण चोळला की पाव लाल होतो. तो ज्यांना हवाय त्यांनाच विकू या."

"कोणाला?"

"एका मोठ्या हॉटेलशी बोललेय मी."

सावेर हसला. पण म्हणाला, "ठीक. सांता मारीयापर्यंत. तोवर जमलं नाही तर दुमिंकला किल्ली."

ही मुलगी स्लिमा शहरातली. बाप बँकेत. लग्न होऊन आली तेव्हा खुरपं उलटं धरायची. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला, की शेत वाचवायचं मला सुचायला हवं होतं ते हिला सुचलं.

२४ मे, सोमवार

हॉटेलचा माणूस आला. फ्लेरी नाव. बूट पांढरे. शेतात असले बूट घालून येतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. मार्तीझने पाव कापला, टोमॅटो चोळला, तेल ओतलं, वर कापारीच्या खारवलेल्या कळ्या ठेवल्या. त्याने उभ्याउभ्या खाल्ला. मग बसला आणि दुसरा मागितला.

"माझी आजी असा द्यायची," तो म्हणाला. "पाहुण्यांना सकाळी हाच द्यायचाय मला. पण बाई, एक ऐका. मला सगळे एका मापाचे हवेत. एका टोमॅटोत एक पाव. मोठा नको, बारका नको. पहिली खेप शुक्रवारी. मी पेटी उलटी करून बघतो, सांगून ठेवतो."

मार्तीझ म्हणाली, "खुशाल करा."

पेटी उलटी करतो म्हणे. बोलायची पद्धत असेल.

२७ मे, गुरुवार

आज मी एक चांगलं काम केलं आणि ते फक्त इथेच लिहिणार आहे. श्रेय घेत फिरणाऱ्यातली मी नाही.

मार्तीझ दिवसभर मागच्या खोलीत बसून टोमॅटो निवडत होती. मधले एकीकडे, मोठे एकीकडे, बारकी एकीकडे. संध्याकाळी सहा पेट्या भरून वर निळा कागद लावला आणि ती नि सावेर दोघं तिच्या भावाची गाडी मागून आणायला स्लिमाला गेली. मी सहज कागद उचलून बघितला. पेटीला तोंडच नाही. वरपासून खालपर्यंत नुसते मधले. इतक्या मोठ्या हॉटेलात असा माल न्यायचा? लोक म्हणतील घरात कुणी वडीलधारं नाही.

मी सहाही पेट्या उपसल्या. बाजूला ठेवलेले मोठे घेतले आणि अशी तोंडं लावली की वेन्झू असता तर पुन्हा मागणी घातली असती. बुडाला बारकी घातली, नाहीतर ती तरी कुठे जाणार. मधले बरेच वाचले, ते चिप्रियानच्या पेटीत भरून ठेवले. म्हणजे वर नफाही झाला. निळा कागद होता तसा लावला.

कंबर मोडली, पण बरं वाटतंय. पोरीचं काम अडू नये एवढंच मनात होतं.

२८ मे, शुक्रवार

सहाही पेट्या परत आल्या.

त्या फ्लेरीने खरंच पेटी टेबलावर पालथी घातली. टोमॅटो पालथा घालून बघतात का कुणी? तान्हं मूल आहे का ते? म्हणे बारकी निघाली. गाडीच्या हादऱ्यांनी बारकी खाली गेली असतील, आमचे रस्ते काही सिसिलीचे नाहीत. तो म्हणाला म्हणे, "मला वाटलं तुम्ही तरी वेगळ्या असाल."

मार्तीझचे डोळे सुजले होते. तिने फ्लेरीला सांगितलं, पेट्या मी भरल्या, चूक माझी. मी म्हटलं, "स्वतःवर का घेतेस? त्याला नीट सुनवायचं होतंस."

सावेरने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मार्तीझने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मला दिसलं. तो उठून मेंढ्यांकडे गेला. नवरा-बायकोचं आपसातलं काही असेल, मी मध्ये पडले नाही.

नंतर ती मागच्या खोलीत चिप्रियानसाठी ठेवलेल्या पेटीपाशी बराच वेळ उभी होती. त्यात हात घालून मधले टोमॅटो बघत होती. पोर फार थकली आहे.

२ जून, बुधवार

औषध: गंधक मारलं, सावेरने. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, कारण तो दुमिंकला शेत दाखवायला घेऊन गेला होता. दुमिंकने वेन्झूने लावलेल्या अंजिराला टेकून सिगारेट ओढली. सावेर म्हणतो नुसतं दाखवलं. दाखवलेली गोष्ट निम्मी दिलेलीच असते.

१० जून, गुरुवार

मार्तीझ फ्लेरीकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्याने तिला मागच्या दाराशी उभं ठेवलं. इतका अपमान मी वेन्झूकडूनसुद्धा सहन केला नसता. शेवटी तो म्हणाला, आणखी एकदा, त्यापुढे नाही.

आज ती बाजारातून रिकाम्या पेट्या उचलून आली. त्याच त्या सिसिलीच्या, पीच येतात त्या. उथळ, एकच थर मावेल एवढ्या. म्हणाली, "मा, माझ्याजवळ बसता का? मला तोंड लावायला शिकवा."

मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही. सहा वर्षांत तिने मला काही शिकवा म्हटलं नव्हतं. मीही आपणहून शिकवलं नव्हतं, हेही खरं.

"पण याला बूडच नाही," मी म्हटलं.

"नाहीच. सगळं तोंड."

"मग बारकी कुठे घालायची?"

"ती तुम्ही उन्हात घालून वाटण करा. बाटल्यांत भरू. ती वेगळी विकू."

देठ एका बाजूला, चुण्या जुळवून, एकाला एक खेटून. तिची बोटं लांब आहेत, टोमॅटो धरताना घाबरतात. मी तिचा हात धरून दाखवलं. अंडं धरतो तसं. दोघींनी मिळून आठ पेट्या लावल्या. एकही बारका नाही, एकही मोठा नाही, आणि तरी तोंड असं की नजर हटू नये. पेट्या झाकल्यावर ती लगेच उठली नाही. तिथेच ओसरीत बसून राहिली, माझ्या शेजारी, गाडी येईपर्यंत. म्हणाली, पाय दुखतायत. मीही बसले.

११ जून, शुक्रवार

घेतल्या. आठही घेतल्या. फ्लेरीने हॉटेलातल्या सगळ्यांना बोलावून दाखवल्या म्हणे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हव्यात.

सावेरने विचारलं, "भाव?" मार्तीझने सांगितला. त्याने परत विचारला. मग बाहेर जाऊन मेंढ्यांना उगाचच पाणी पाजलं.

२९ जून, मंगळवार

इम्नार्या. लग्नात वेन्झूकडून कबूल करून घेतलं होतं की दरवर्षी या जत्रेला न्यायचं, आणि त्याने एकही वर्ष चुकवलं नाही. तो गेल्यापासून मी गेले नव्हते. आज मार्तीझ सकाळीच तयार होऊन दाराशी उभी. "चला मा. बाबांनी दिलेला शब्द घराने पाळायला हवा." मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले आणि थोडं रडून आले.

बुस्केतच्या राईत झाडांखाली गर्दी, सशाच्या रश्शाचा वास, पेट्यांचं प्रदर्शन. फ्लेरी भेटला, बायको-पोरांसह. आज बूट तपकिरी होते. मार्तीझ सरबत आणायला गेली तेव्हा तो मला म्हणाला, "तुमची सून कामाची आहे, बाई. पण पहिल्या खेपेला तिने मला चांगलंच फसवायला बघितलं होतं. वर मोठे, बुडाला बारकी. अशी सुरेख लावलेली की उलटी केली नसती तर कळलंही नसतं."

मी तडकले. म्हटलं, "ती? तिला पेटी भरता तरी येत होती का? ती कसली फसवते! वर मोठे, खाली बारकी, आणि कळू न देणं, त्याला हात बसावा लागतो. चाळीस वर्षं लागतात त्याला."

एवढं बोलून गेले आणि माझं बोलणं माझ्याच कानांनी ऐकलं.

फ्लेरी माझ्या हातांकडे बघत होता. मी ते पिशवीखाली घेतले. तो हसला, वाईट हसला नाही. टोपी काढली आणि म्हणाला, "अस्सं." तेवढ्यात मार्तीझ सरबत घेऊन आली.

घरी येताना मी गाडीत वाटभर खिडकीबाहेर बघत होते. मार्तीझ म्हणाली, ऊन लागलं असेल.

३० जून

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ती तीनदा हॉटेलात गेली, मागच्या दाराशी उभी राहिली, ती माझ्यामुळे. सावेरला माहीत. तिला पहिल्या दिवसापासून माहीत. म्हणून उथळ पेट्या आणल्या. बूडच नसलं की म्हातारी बुडाला घालणार काय. आणि वर म्हणते, मला शिकवा.

मला राग यायला हवा. येत नाही. या घरात मला इतक्या अलगद कुणी सावरून घेतलं नव्हतं, वेन्झूनेही नाही. तो तरी चारचौघांत सांगून हसला असता.

तिला काय बोलू? बोलले तर ती म्हणेल, जाऊ दे मा. आणि विषय मिटेल. मला तो तसा मिटायला नको आहे.

१५ ऑगस्ट, रविवार, सांता मारीया

सकाळपासून घंटा वाजतायत. दुमिंक नवा सदरा घालून किल्ली न्यायला आला. सावेरने त्याला बसवलं, वाइन दिली, आणि माझ्या वाटणाची एक बाटली हातात ठेवली.

"आणि शेत?" दुमिंकने विचारलं.

"शेतात टोमॅटो आहेत," सावेर म्हणाला. "कारखान्याची नोकरी मी घेतलीय, पाळीपाळीने. पण शेत मार्तीझ बघेल. मी सुटीला तिच्या हाताखाली."

"बायकोच्या हाताखाली?"

"आईच्या हाताखाली चाळीस वर्षं काढली. सवय आहे."

दुमिंक बाटली घेऊन गेला. गावात सगळ्यांचं असं झालेलं नाही. चिप्रियानने सप्टेंबरनंतर गाळा सोडायचं ठरवलंय. बांधापलीकडच्यांनी शेत देऊन टाकलं, तिथे आता गवत वाढलंय. मी नको म्हटलं होतं ते काही अगदीच उगाच नव्हतं. पण त्यावर आज मला भांडायचं नाही.

मंगळवारच्या पेट्या मागच्या खोलीत लावून ठेवल्या होत्या. आमच्या घराची रीत अशी की चांगलं बाजाराला जातं आणि बुडाचं घरात राहतं. फुटलेलं, डागाळलेलं, बारकं. माझ्या आईने तेच खाल्लं, मी तेच खाल्लं, आणि मार्तीझ आली तेव्हा तिच्याही ताटात मी तेच ठेवलं. स्लिमाच्या मुलीने सहा वर्षं मुकाट्याने खाल्लं.

मी कागद उचलला आणि पहिल्या पेटीच्या मधोमधचा, सगळ्यात देखणा टोमॅटो काढून घेतला. पेटीत खड्डा पडला. पाव कापला. टोमॅटो दोन भाग करून चोळला, पाव पार लाल होईपर्यंत. तेल, मीठ, कळ्या. आणि तिच्यापुढे नेऊन ठेवला.

तिला मागच्या खोलीच्या दारातून पेटीतला खड्डा दिसला. "मा, हा वरचा आहे."

"हो," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. 'जाऊ दे' म्हणाली नाही. तिचे डोळे भरून आले, माझेही. सावेर दाराशी आला आणि उलट पावली परत गेला, शहाणा आहे.

मग तिने पाव मधोमध तोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे केला. मी नको म्हटलं, ती ऐकेना. जन्मभर टोमॅटो पिकवले, पण वरचा कसा लागतो ते मला आज कळलं.